कपाटावर चढवलेला अल्बम

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. मुलगी जूनमध्ये चार वर्षांची झाली. वाढदिवसासाठी ताईंनी दोन महिने रात्री जागून हातानं अल्बम केला. बारा इंची चौरस पानं, उघडताच उभी राहणारी घरं-झाडं, रिबिनी, टिकल्या, मोती. ‘कित्याक गो इतले पयशे उडयता?’ असं सासूबाई म्हणाल्याच. वाढदिवसाला पाहुण्यांनी तोंडभर कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी मुलीनं उभं राहणारं घर उपटलं आणि आजोबांच्या फोटोवर मेणखडूनं हिरवे गोल काढले, ‘बरोब्बर दोन्ही डोळ्यांवर’. आजोबा म्हणजे ताईंचे वडील, मागच्या वर्षी गेले. फोटो त्यांच्या तरुणपणीचा, स्टुडिओतला, आणि प्रत एकच. ताई ओरडल्या, एक धपाटाही दिला. तेव्हापासून अल्बम कपाटावर आहे, मुलगी त्याचं नाव काढत नाही आणि पावसाळ्यात पानं पापडासारखी वळली आहेत. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, दिराची पाच आणि सात वर्षांची मुलं येणार, त्यांनाही अल्बम कबूल करून बसल्या आहेत. विचारतात: मुलीला वस्तूची किंमत कशी कळत नाही? ती मोठी होईपर्यंत थांबायला हवं होतं का? आणि त्या दोन अल्बमांचं आता काय करू?

*

ताई,

आधी फोटोचं बघू, घाईचं काम तेवढं एकच आहे. मेणखडू घासून पुसायला जाऊ नका. थिनर, स्पिरिट, नखांच्या रंगाचं रिमूव्हर, काही म्हणजे काही लावू नका. मेण निघता निघता फोटोचा वरचा थरही निघेल. आहे त्या अवस्थेत त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. सकाळी खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा जागी सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून, बरोबर वरून. शक्य असेल तर चांगला स्कॅन करून घ्या. स्टुडिओवाला त्यावरून संगणकावर गोल पुसून नवी प्रत करू शकतो. मूळ फोटो पानावरून सोडवायचा असेल तर तो कशानं चिकटवला होता ते आठवा. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप असेल तर शिवणाचा बारीक दोरा फोटोखाली घालून करवतीसारखा हळूहळू ओढत न्या. सगळ्या पाठीला फेविकॉल लावला असेल तर ओढाताण नकोच, फोटोभोवतीचा पानाचा तुकडा फोटोसकट कापून घ्या आणि पाकिटात ठेवा.

स्टुडिओत गेलात की हिरवे गोल असलेलीही एक प्रत काढून आणा.

ती कशाला, ते सांगते. ‘बरोब्बर दोन्ही डोळ्यांवर’ हे तुमचे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. ताई, बाबांना चष्मा होता का? फोटो तरुणपणीचा आहे. तुमच्या मुलीनं पाहिलेले आजोबा सत्तरीतले असतील. तिनं फोटो खराब केला, की तिला ओळखीचे वाटेनात म्हणून दुरुस्त केला? मला माहीत नाही. चार वर्षांच्या हातात खडू आला की गोल निघतातच, तेवढंच असेल. पण तुमच्या दोन पानी पत्रात तिला कुणी विचारल्याचं कुठंच नाही. ओरडणं आहे, धपाटा आहे, कपाट आहे.

धपाट्याबद्दल तुम्ही स्वतःच इतकं लिहिलंय की मी त्यात भर घालत नाही. वडिलांचा एकुलता फोटो हातून गेला असं वाटल्यावर कुणाचाही तोल जाईल. पण एकुलती प्रत पानावर चिकटवणं ही चूक मोठ्या माणसाची होती, आणि असल्या चुका मीही पुष्कळ केल्यात.

मुलगा लहान असताना मीसुद्धा त्याच्या पहिल्या वर्षाचा अल्बम केला होता. काळी पानं, मधे बटर पेपर, चांदीच्या शाईतली अक्षरं. घरी गव्हाच्या पिठाची खळ करून सगळं चिकटवलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवलं. त्याला हात लावायची मुभा नव्हती. तो कॉलेजात गेल्यावर एकदा मोठ्या थाटात ट्रंक उघडली, तर कसरीनं पानं जाळीदार केलेली. पिठाची खळ म्हणजे कसरीला जेवणाचं आमंत्रणच, हे मला तेव्हा कळलं. उरलेलं त्यानं चाळलं, ‘छान आहे गं’ म्हणाला आणि उठला. पण त्याच ट्रंकेत त्याची एक वही निघाली. पाच-सहा वर्षांचा असताना कदंब बसची, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसची, तिकिटं भाताच्या शितांनी चिकटवून भरलेली, अर्ध्या शितांना मुंग्या लागून गेलेल्या. ती त्यानं तिथंच जमिनीवर बसून पानन् पान पाहिली, आणि कुठलं तिकीट आजीबरोबर म्हापशाला जातानाचं तेही सांगितलं. जाताना बॅगेत घालून घेऊन गेला. माझ्या चांदीच्या अक्षरांना तेव्हा काय वाटलं असेल ते मीच जाणे.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नापुढे मी एक प्रश्न ठेवते. वाढदिवसाच्या संध्याकाळी अल्बम कुणाच्या हातात होता? मी तिथं नव्हते, पण असल्या संध्याकाळी मी बऱ्याच पाहिल्यात. अल्बम मावशीकडून काकूकडे जातो. ज्याच्या नावाचा तो आहे ते पोर मधे डोकं घालतं, तेव्हा ‘हात लावू नको, फाटेल’ असं ऐकतं. तिसऱ्या दिवशी एकदाचा तो तिच्या एकटीच्या हाती लागला. दोन महिने रात्री जागून केलेल्या कामाची किंमत तुमच्या लेखी आहे, आणि असायलाच हवी. तिला ती कळणार कशी? ती झोपलेली असताना काम झालं. तिनं ना कागद कापला, ना काही चिकटवलं.

आपल्याकडची पोरं कागदाची कदर करत नाहीत असं मात्र मला कुणी सांगू नये. दिवाळीआधी वाड्यावाड्यावर नरकासुर उभे राहतात. बांबू, गवत, रद्दी, खळीची बादली. पोरं रात्र रात्र राबतात, मुखवट्याच्या मिशीवरून भांडतात, आणि चतुर्दशीच्या पहाटे सगळं स्वतःच्या हातानं पेटवून देतात. पुढच्या वर्षी पुन्हा तयार. करताना मजा आली की वस्तू टिकलीच पाहिजे असं त्यांना वाटत नाही. टिकावी असं आपल्याला वाटतं.

तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी करा. एक, ठेवायची: मूळ फोटो, जन्माच्या वेळचा हातातला पट्टा, जावळाची बट, असलं सगळं. त्याला अल्बम लागत नाही. पाकिटं आणि घट्ट झाकणाचा डबा पुरे. फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनं नाव आणि तारीख लिहा, बॉलपेन उमटून पुढच्या बाजूला येतं. दुसरी, हाताळायची. ती फाटणार, मळणार, तिच्यावर वरणभात सांडणार, हे धरूनच ती करायची. तिच्यात फक्त नव्यानं काढलेल्या प्रती. ‘थांबायला हवं होतं का’ याचं उत्तर यातच आहे. पहिल्या प्रकारासाठी तिच्या वयाशी काही देणंघेणं नाही, आणि दुसऱ्यासाठी चार हे वय अगदी योग्य.

आता ते उपटलेलं घर. उघडताच उभं राहणारं चित्र मुलाला म्हणतच असतं, मला ओढ. तुमच्या घराची पाखं बहुधा गोंदाच्या कांडीनं जेमतेम अर्धा सेंटिमीटर पट्टीवर चिकटवलेली असतील. ती टिकली असती तरच नवल. चार वर्षांच्या हातासाठी उभ्या चित्रांऐवजी झाकणं करा. जाड कार्डाचा चौकोन, त्याची एक कड कापडी टेपनं पानाला बिजागरीसारखी लावलेली, वर दरवाजा काढलेला आणि आत फोटो. झाकण शंभरदा उघडलं तरी टेप धरते, आणि सुटलीच तर दुसरा तुकडा दोन मिनिटांत लागतो. मुलांना खरी मजा ‘आत कोण?’ यातच येते. टिकल्या आणि मोती काढून टाका. घरात येणारं-जाणारं कुणी तीन वर्षांखालचं असेल तर ते तोंडात आणि नाकात जातात.

हाताळायच्या अल्बमाला सगळ्यात सोपा म्हणजे घडीचा अल्बम, हार्मोनियमच्या भात्यासारखा उघडणारा. बारा इंची पान चार वर्षांच्या मांडीवर मावतही नाही. स्टेशनरीच्या दुकानात कार्डशीट मागा, २०० ते २५० जीएसएमचं. मोठं शीट बहुतेक २२ बाय २८ इंचांचं असतं, म्हणजे साधारण ५६ बाय ७१ सेंटिमीटर, पण कापण्याआधी मोजून घ्या. त्याच्या लांबीच्या बाजूनं १८ सेंटिमीटर उंचीच्या तीन पट्ट्या निघतात. एका पट्टीवर १४-१४ सेंटिमीटरवर खुणा केल्या की पाच पानं होतात आणि शेवटी एक सेंटिमीटर उरतो. तो फेकू नका, त्यावरच दुसरी पट्टी चिकटवायची. झाली दहा पानं. चार बाय सहाचा फोटो, म्हणजे १० बाय १५ सेंटिमीटर, या पानावर उभा नीट बसतो आणि भोवती तिच्या बोटांना जागा उरते. तिसरी पट्टी चुकण्यासाठी. ती लागतेच.

घडी थेट घालू नका. संपलेलं बॉलपेन पट्टीला लावून खुणेवरून दाबत ओढा आणि मग घडी घाला, म्हणजे कड फुटत नाही. कागदालाही लाकडासारखा रेषा-धागा असतो. शीट हातात धरून दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा, एका बाजूनं ते मुकाट्यानं वाकतं, दुसऱ्या बाजूनं अडतं. मुकाट्यानं वाकतं त्या दिशेनं घड्या आल्या तर उत्तम. नाही आल्या तर बॉलपेन जरा जास्त दाबा, एवढंच. बाहेरून दोन पुठ्ठे, पानापेक्षा अर्धा सेंटिमीटर मोठे. मिठाईच्या खोक्याचा किंवा जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा चालतो. वर हवं तर कुणबी चौकड्यांच्या कापडाचा उरलेला तुकडा लावा. पहिल्या आणि शेवटच्या पानाची मागची बाजू पुठ्ठ्यांना चिकटवली की काम झालं. एका दुपारी होतं, मुलगी मदतीला असली तर दोन दुपारी.

पानं पापडासारखी का झाली? जूनपासून आपल्याकडे हवा ओलीच असते. कागद ओल पितो आणि फुगतो. फोटो चिकटवलेली बाजू तेवढी फुगत नाही, म्हणून पान वळतं. फेविकॉलही पाण्यातलाच, जाड थर दिला की पान आधीच ओलं. जुन्या पत्रिकेच्या तुकड्यानं तो पातळ, कडेपर्यंत ओढा, आणि वर कोरा कागद ठेवून रात्रभर जड पुस्तकांखाली दाबा. पुस्तकबांधणीवाले पुठ्ठा वाकू नये म्हणून दोन्ही बाजूंनी कागद चिकटवतात, तीच युक्ती पानांना लावा: एका बाजूला फोटो, तर त्याच्या पाठीमागेही काहीतरी, निदान कोरा कागद. मुलांच्या रोजच्या चिकटकामाला घरची खळ चालेल, पण ती कसर लागू नये म्हणून कुणी मोरचूद घालायला सांगितलं तर घालू नका, ते विष आहे. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर ओल वरपर्यंत चढते. चवथीनंतर ऊन पडायला लागलं की सगळे कागद सावलीत वाऱ्यावर एक दिवस उघडे ठेवा.

तिला काय काय करू द्यायचं? फाडू द्या. गंमत नाही करत. रंगीत मासिकाचे तुकडे हातानं फाडून झाडाचं पान, समुद्र, आकाश भरायचं, याला बालवाडीत चिकटकाम म्हणतात आणि चार वर्षांच्या मुलीला कात्रीपेक्षा ते छान जमतं. फाडायची तिची हौस तिथं जिरते, फोटोपर्यंत येत नाही. कात्री द्याल ती बोथट टोकाची, आणि शेजारी बसा. भेंडी आडवी कापून ठसे उठवा. गोंदाची कांडी तिच्या हातात, फेविकॉल तुमच्या. फोटोखालची ओळ ती सांगेल ती आणि तशीच लिहा, कोंकणी-मराठी जसं मिसळून येईल तसं. ‘हांव आणि आजो केळीकडे’ असं ती म्हणाली तर शुद्ध करायला जाऊ नका. मोठेपणी तिला त्या ओळीत तिचाच आवाज ऐकू येईल. मी माझ्या मुलाची तिकिटांची वही ‘नीट’ करून दिली असती तर तिचं काय झालं असतं, ते मी पाहूनच बोलते.

दिराच्या मुलांना दिलेल्या शब्दाचं फार मनावर घेऊ नका. अल्बम ‘करून देते’ म्हणालात, त्याऐवजी ‘आपण करू’ म्हणा. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-फुलांची चौकट, बांधताना घरातली पोरं कशी पायात पायात येतात, ते तुम्हाला मी काय सांगू. त्यांना तिथंच बसवा. नारळ, सुपारीचा शिपटा, आंबाडे, तोरंजन, कांगल्या, चिबूड. एकेक वस्तू बांधण्याआधी त्यांच्या हातात द्यायची, त्यांनी ती पाहून चित्र काढायचं आणि नाव लिहायचं. नाव ठाऊक नसेल तर ते सासूबाईंना विचारायचं. सासूबाईंच्या ‘कित्याक गो’चं उत्तर तुम्ही द्यायची गरजच उरणार नाही. त्या स्वतःच चौथ्या पानावर ‘हें असें न्हय, कांगली अशी दिसता’ म्हणून पेन्सिल हातात घेतील.

या मुलांसाठी घडीच्या अल्बमाचीही गरज नाही. एक ए-३ कागद पुरतो. लांबीत दोनदा आणि रुंदीत एकदा घडी घालून उघडला की आठ चौकोन दिसतात. आता लांबी निम्मी होईल अशी एकच घडी घाला, आणि घडीच्या कडेकडून मधल्या रेषेवर कात्री चालवा, पहिल्या आडव्या घडीपर्यंतच. उघडलं की कागदाच्या मधोमध चीर दिसेल. कागद लांबट दुमडून दोन्ही टोकं आत ढकला, चीर फाकते आणि आठ पानांची पुस्तिका हातात येते. गोंद नाही, टाके नाहीत. पान साधारण साडेदहा बाय पंधरा सेंटिमीटरचं, म्हणजे चित्राला भरपूर, पण चार बाय सहाच्या फोटोला अगदीच घट्ट, म्हणून यात फोटो नकोत. पहिलं पान नावाचं, शेवटचं कोरं, मधे सहा फळं. सात वर्षांचा मुलगा ही घडी एकदा पाहून दुसऱ्याला शिकवेल. नेवऱ्या तळून होईपर्यंत तुम्हाला निवांतपणा.

राहिला तो कपाटावरचा अल्बम. तो खाली काढा. सगळे फोटो त्यातून काढून मोकळा करायचा मोह होईल, तो आवरा. मूळ प्रती तेवढ्या काढून घ्या, त्यांच्या जागी नव्या प्रती लावा. उपटलेलं घर कुठं ठेवलंय ते तिला विचारा, बहुतेक गादीखाली असेल. ते तुम्ही दोघी मिळून कापडी टेपनं चिकटवा. तिरकं बसलं तर बसू दे.

आजोबांच्या पानावर दोन्ही प्रती शेजारी शेजारी लावा, स्वच्छ आणि हिरव्या गोलांची. आणि काम चालू असताना, तिच्याकडे न बघता, सहज विचारा, हे गोल कसले गं? चष्मा म्हणाली तर चष्मा लिहा. ‘कांय ना, अशेंच’ म्हणाली तरी तेच लिहा, खाली तारीख घालून.